नवरदेवाच्या जेवणाची सोय

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या त्या जमीनमोजणीच्या तळावर पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय फोनला रेंज येत नाही, हे कळल्यापासून तुझा दादा तुला फोन करायला तयार नाही. म्हणतो, वरून पडली तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल. तेव्हा आता वहिनीच्या हातचं वाचायचं. अक्षर शिंपिणीचं आहे, कुठे टाका सुटला असेल तर सांभाळून घे.

कामाचं आधी सांगते. तुमच्या बाबांचा तो मासा, नवरदेव, खंगलाय. तेच ते निळ्या-नारिंगी नक्षीचं ध्यान, दिवसभर नटूनथटून दगडादगडावर मिरवणारं. परवा आईच म्हणाल्या, "अगं, याच्या पोटाकडे बघ." बघते तर पोट पार आत गेलेलं. गोळी घाल, चुरा घाल, कापून कोळंबी घाल, साहेब जवळ येतात, वास घेतल्यासारखं करतात आणि तोंड फिरवून निघून जातात. बाबांनी याचं नाव नवरदेव का ठेवलं ते आता कळलं. मानपान राहिल्यासारखाच वागतो. बाकीचे दोन जोकर मासे मात्र त्याच्याही वाटचं खाऊन टुमटुमीत झालेत.

माशांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "वय झालं असेल." दादाला ते पटलं, मला नाही. मागच्या वर्षी बाबा गेल्यावर आई जुनं घर सोडून आमच्याकडे आल्या तेव्हा बाबांची ती अवाढव्य टाकी आमच्या दोन खोल्यांत मावेना, म्हणून ही तीन फुटांची घेतली. तेव्हापासून तो उतरणीला लागलाय. टाकीतलं तुला जेवढं कळतं तेवढं आमच्यात कुणालाच कळत नाही. काय करू ते लवकर लिही.

आणि येतेस कधी? जुनं घर आवरायला आली होतीस त्यानंतर तुझं तोंड पाहिलेलं नाही.

तुझी
वहिनी


१३ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. वय वगैरे काही नाही, तो उपाशी आहे.

त्या जातीचे मासे फक्त जिवंत जीव टिपून खातात. खसखशीएवढे पांढरे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. बाबांच्या मोठ्या टाकीत मणभर दगड होते, त्यांच्या फटीत ते लपायचे, त्यांची पिल्लावळ वाढायची आणि नवरदेवाचं ताट कायम भरलेलं असायचं. तुमच्या टाकीत दगड चार आणि खाणारी तोंडं तीन. वाढायच्या आधीच ते फस्त होतात.

उपाय आहे. टाकीच्या जवळ एक लहान काचेची पेटी बसवायची. तिच्यात फक्त शेवाळ, मासा एकही नाही. टाकीचं पाणी छोट्या पंपाने पेटीत चढवायचं आणि पाइपाने परत टाकीत सोडायचं. पेटीत त्या जिवांना खाणारं कुणी नसल्यामुळे ते निवांत वाढतात, आणि थोडे थोडे पाण्याबरोबर वाहत टाकीत पोचतात. शेवाळामुळे पाणीही स्वच्छ राहतं. याला रेफ्युजियम म्हणतात. शेवाळाचा गुंता दुकानात मिळेल, त्यातच ते जीव येतात. पेटीवर एक दिवा लागेल, तो टाकीचा दिवा बंद झाल्यावर लावायचा.

जागा कुठे, असं तू विचारणार. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये किती फट आहे ती मोजून काचवाल्याला सांग, पेटी तिथे मागे लटकवता येते. नीट मोज, अंदाजाने नको.

वहिनी, हसू नकोस, पण त्या घरात माझं म्हणावं असं आता तो मासाच उरलाय. बाबांनी तो आणला तेव्हा दुकानात मी बरोबर होते. आम्ही दोघांनी मिळून निवडलेला आहे. त्याला जाऊ देऊ नका.

रजेचं बघते. इथे काम फार आहे.

तुझी
भिंगरी


२६ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पेटी बसली. मागे नाही बसली, पण बसली. कशी ते ऐक आणि दादासमोर माझी बाजू घे.

तू म्हणालीस नीट मोज, म्हणून माझी शिवणाची टेप घेतली आणि टाकीमागे हात घालून मोजलं. बरोबर पाच इंच. आता पंधरा वर्षं कपडे शिवतेय, माप लिहिताना हात आपोआप अर्धा इंच जास्त धरतो. कापड कमी पडू नये म्हणून शिवणीत माया सोडतात तशी. काचवाल्याला चिठ्ठी दिली साडेपाच इंचांची. पेटी आली देखणी, आणि फटीत काही केल्या जाईना. दादा पेटी धरून उभा, मी टाकीला टेकून उभी, आणि आई पलंगावरून म्हणताहेत, "थोडी उसवून बघ."

काच काही उसवत नाही. टाकी भरलेली, ती बोटभरही हलणार नाही. मग तुझ्या दादाच्या अंगातला लिफ्ट-मेकॅनिक जागा झाला. त्याने टाकीशेजारच्या माझ्या शिलाई मशीनच्या वर भिंतीला फळी ठोकली, ती लिफ्टच्या तारेने वरून बांधली आणि पेटी फळीवर चढवली. आता पंप पाणी वर नेतो आणि ते आपल्या पायाने टाकीत उतरतं. फळी इतकी मजबूत आहे की चार माणसं उभी राहतील. फक्त आता मशीनवर बसताना मला मान जरा डावीकडे कलती ठेवावी लागते. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमचा स्वभाव हल्ली फार नम्र झालाय.

त्या पेटीला आम्ही रेफ्युजियम म्हणत नाही, जीभ वळत नाही. आम्ही तिला माहेर म्हणतो. तिथे त्या पोरी खाऊनपिऊन वाढणार आणि मग आमच्या नवरदेवाकडे नांदायला जाणार. पुढे त्यांचं काय होतं ते बोलायला नको.

दिव्याचा घोळ राहिलाय. रात्रभर तो आईंच्या पलंगावर उजेड पाडतो. त्या काही बोलत नाहीत, पण मला बरं वाटेना, म्हणून शाळेच्या गणवेशांतून उरलेल्या जाड निळ्या कापडाचा पडदा शिवून पेटीला लावलाय. दुहेरी, अस्तर घालून. माहेराला पडदा, म्हणजे अगदी खानदानी.

आता किती दिवसांत कळेल?

तुझी
वहिनी


४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

साडेपाच इंचांचं मी इथे सगळ्यांना सांगितलं. आमचे मोजणीचे साहेब पोट धरून हसले, आणि म्हणाले की तुझ्या वहिनीला इथे आणली तर दर शेताला अर्धा एकर फुकट मिळेल. दादाला सांग, फळी मला आवडली.

आता नीट वाच. दोन-तीन आठवड्यांत पेटीच्या काचेवर पांढरे ठिपके दिसायला लागतील. जवळून पाहिलंस तर ते सरकताना दिसतील. ते दिसले की समज, जमलं. तोवर त्या पेटीला हात लावायचा नाही. पुसायचं नाही, शेवाळ धुवायचं नाही, काचेवर तपकिरी थर आला तरी येऊ द्यायचा. तुझा हात मला माहीत आहे, तू काड्यापेटीसुद्धा पुसून ठेवतेस. या एका पेटीपुरती घाण राहा.

ठिपके दिसल्यावर महिन्याभरात नवरदेवाचं पोट भरायला लागेल. तोवर तो टिकला पाहिजे. दर पत्रात त्याच्या पोटाबद्दल लिही, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

एप्रिलमध्ये रजेचा अर्ज टाकेन म्हणतेय. अजून नक्की काही नाही.

आईचा गुडघा कसा आहे?

तुझी
भिंगरी


३ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्राला उशीर झाला. एका शाळेचे गणवेश द्यायचे होते, मान वर करायला फुरसत नव्हती. वर करून उपयोगही नाही म्हणा, वर फळी आहे.

आईंचा गुडघा बरा आहे. स्वयंपाकघरात येऊन बसतात, मला कांदा चिरून देतात. परवा शेजारणीला सांगत होत्या की माझ्या सुनेने मापात चूक केली म्हणून माझ्या नवऱ्याची टाकी दुमजली झाली. तुझ्या दादाला बढती मिळाली, आता तो दुसऱ्यांना लिफ्टमध्ये पाठवतो आणि स्वतः खाली उभा राहून ओरडतो. मजेत आहे.

पेटीचं चांगलं चाललंय. पाणी अगदी नितळ, काच चकचकीत, एक ठिपका नाही की डाग नाही. शेवाळही आटोपशीर आहे. नवरदेव हल्ली थोडा शांत असतो, दगडाखाली बसून राहतो. विश्रांती घेत असेल. तू काळजी करू नकोस.

तुझ्यासाठी एक सदरा शिवलाय, त्या पाच-सहा खिशांवाल्या नमुन्याचा. आलीस की देईन.

तुझी
वहिनी


११ मार्च

वहिनी,

एक ठिपका नाही?

मी सगळं पत्र वाचलं आणि त्या एका ओळीवर येऊन थांबले. पाच आठवड्यांनी काच चकचकीत असते ती फक्त कुणीतरी घासल्यावर. शेवाळ आटोपशीर असतं ते कुणीतरी उपटल्यावर. मी इतकं बजावून लिहिलं होतं. तुला एका पेटीपुरतं गप्प बसवलं नाही ना? आणि वर मला लिहितेस, काळजी करू नकोस. तो दगडाखाली विश्रांती घेत नाहीये, त्याच्या अंगात फिरायची ताकद उरलेली नाही.

मला राग आलाय आणि तो तुझ्यावरच आलाय. कुणाला तरी तो मासा म्हणजे हॉलमधली एक अडचण वाटत असेल, मशीनला जागा नाही आणि मान वाकडी होते म्हणून. मला समजतं ते. जागा तुमची आहे.

एप्रिलची रजा मी टाकत नाही. तो नसेल तर येऊन करू काय? आणि खरं तर आले असते तरी झोपले कुठे असते, शिलाई मशीनवर? जुनं घर गेलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता माझी खोली कुठेच नाही. मी वर्षभर कामाचं निमित्त सांगतेय. काम एवढं नसतं.

भिंगरी


२० मार्च

चिरंजीव भिंगरीस,

आईचे पोटभर आशीर्वाद. माझं पत्र पाहून घाबरू नकोस, सगळी हातीपायी धड आहेत. नवरदेवसुद्धा.

तुझं पत्र आलं की सूनबाई मला मोठ्याने वाचून दाखवते. या खेपेला पत्र होतं दोन पानांचं आणि तिचं वाचन आटोपलं दोन ओळींत. "भिंगरी मजेत आहे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय." आणि मग भाजी फोडणीला टाकायला गेली ती डोळे पुसत. भाजीत कांदा नव्हता. तेव्हा मी चष्मा लावला आणि मशीनवरचं पत्र उचलून स्वतः वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण ते माझ्या पोरीचं होतं आणि माझ्या सुनेला होतं, त्यामुळे मला चालतं असं मी ठरवलं.

पेटी मी घासली. सूनबाई गणवेश पोचवायला गेली होती. मी पडदा सरकवून पाहिलं तर काचेवर पांढरे किडे वळवळताहेत. तुझ्या बाबांच्या टाकीला कीड लागलेली मी बघत बसू? पंप बंद केला, फळीखाली मशीनवर परात ठेवली, पेटीतलं पाणी वाटीवाटीने काढून टाकलं आणि गरम पाणी नि ब्रश घेऊन काच अशी लखलखीत केली की त्यात तोंड पाहावं. दुपारभर गुडघ्याचं भान नव्हतं. सूनबाई आली, तिने पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच खाली टाकली. मला वाटलं, दमली असेल.

मग तिने मला समजावून सांगितलं. एक शब्द वावगा बोलली नाही. आणि तुला कळवायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "आई, तुम्ही नका लिहू. माझ्यावर रागावली तर चार दिवसांनी विसरेल. तुमच्यावर रागावली तर तिलाच त्रास होईल." मी ऐकलं, ते चुकलं माझं. तिची मान त्या फळीखाली वाकडी झाली ती तुझ्या माशासाठीच, आणि तू लिहितेस, तिला तो अडचण वाटतो? ते आधी मागे घे.

आता पुढचं. पेटी घासताना शेवाळातलं हिरवं तेवढं परत ठेवलं. तपकिरी, गुंतलेलं बाजूला काढलं, पण टाकवेना. तुला माहीत आहे, मला कोथिंबिरीची काडी टाकवत नाही. म्हणून कॉफीची मोठी रिकामी बरणी घेतली, बादलीत टाकीसाठी कालवून ठेवलेलं खारं पाणी तिच्यात ओतलं, गुंता त्यात सोडला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. नळाचं पाणी लावलं नाही, तेवढं तुझ्या बाबांच्या संसारात शिकले होते. बरणीतलं पाणी कमी झालं की मी गाळलेलं साधं पाणी घालायचे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, हे त्यांनी मला तीस वर्षं ऐकवलंय. तेव्हा मी त्या टाकीला सवत म्हणायचे आणि कान बंद करून घ्यायचे. कान नीट बंद झाले नव्हते असं दिसतं.

बरणीचं मी कुणाला बोलले नाही. अजून एक घोटाळा नको म्हटलं. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मन लागेना म्हणून खिडकी आवरायला घेतली, तर बरणीच्या काचेवर तेच किडे. शेकड्यांनी. मी सूनबाईला हाक मारली, म्हटलं, "हे बघ, इथेही लागली कीड, आता मी हात लावत नाही, तूच काय ते कर." तिने बरणी उचलून उजेडात धरली आणि मग माझ्या गळ्यातच पडली. आम्ही दोघी इतक्या हसलो की दादा कामाचे बूट घातलेलाच आत धावत आला.

निम्मी बरणी पेटीत ओतली, पाव टाकीत. पंप थोडा वेळ बंद ठेवला. नवरदेव दगडाखालून तोंड काढून बघत होता. मग बाहेर आला, आणि दगडावर चोच मारल्यासारखा टिपायला लागला. एक, आणखी एक. मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले आणि म्हटलं, "जेवा आता सावकाश." आज पाच दिवस झाले. पोट अजून सपाट आहे, पण आत गेलेलं नाही. खिडकीत आता तीन बरण्या आहेत. बरणीला जागा लागते ती कपाएवढी, तुझी पेटी एवढी भिंत अडवून बसली ते उगीचच.

आणि तुझ्या झोपण्याचं. सूनबाईची टेप घेऊन मी स्वतः मोजलं. माझा पलंग आणि टाकी यांच्यामध्ये अडीच फूट आहे. गादी दुमडून बसते. लांबीला तुझे पाय मशीनखाली जातात. तू लहानपणापासून मुटकुळं करून झोपतेस, म्हणजे तेही नाही जाणार. मी माप अर्धा इंच जास्त धरलेलं नाही.

दिव्याचं म्हणशील तर, सूनबाईला वाटतं त्याचा मला त्रास होतो. नाही होत. तू क्लासहून उशिरा यायचीस तेव्हा तुझे बाबा टाकीचा दिवा चालू ठेवायचे, तुला अंधारात बूट काढावे लागू नयेत म्हणून. मी त्या उजेडातच झोपायला शिकले. इथे आल्यावर अंधारात मला झोप लागत नव्हती. पडदा मी रोज रात्री थोडा सरकवून ठेवते, सूनबाईला सांगू नकोस.

खोली नाही, हे खरं आहे. मलाही नाही. मी हॉलमध्ये माशांबरोबर राहते आणि मला बरं चाललंय. तू ये.

तुझी
आई

भिंगरी, आईंनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणजे मी वाचणार हे त्यांना माहीत होतं. पडद्याचं मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. तू काही मागे घेऊ नकोस, फक्त सदरा घालून बघायला ये. बाह्यांची लांबी अंदाजाने धरलीय. — वहिनी


२९ मार्च

प्रिय वहिनी,

मागे घेतलं. सगळं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. पत्र चुलीत घाल, किंवा त्याच्या पाठीवर गिऱ्हाइकांची मापं लिही. तू माझा राग स्वतःवर ओढून घेतलास आणि वर मला सदरा शिवलास. मला फार लाज वाटली, आणि तितकंच बरं वाटलं.

आईला सांग, मी आज पाण्याच्या टाकीवर चढून कचेरीत गेलेल्या साहेबांना फोन केला. त्यांना वाटलं काही अपघात झाला. मी म्हटलं, घरचा मासा जेवायला लागलाय, रजा हवी आहे. ते म्हणाले, साडेपाच इंचवाल्या वहिनींच्या घरचा? जा.

दहा दिवस मिळाले. एप्रिलच्या पाच तारखेला निघते, सहाला शेवटच्या गाडीने पोचेन. दादाला स्टेशनवर पाठवू नका, त्याला सकाळी कामावर जायचं असतं. किल्ली दाराबाहेर पायपुसण्याखाली ठेवा. गादी अडीच फुटांची पुरे, मी मुटकुळं करूनच झोपते.

नवरदेवाला सांगा मी येतेय. माझ्यासाठी एक बरणी राखून ठेवा, इथे खोलीच्या खिडकीत ठेवायला घेऊन येईन म्हणते.

आणि त्या रात्री पडदा पूर्ण उघडा ठेवा. मला यायला उशीर होईल.

तुमची
भिंगरी